कोरोनाच्या दोन वर्षांत फ्लू गेला कुठे होता, आणि आता वेळी-अवेळी का येतोय?

पाळणाघरवाली_लोकमान्यनगर
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर काल या विषयावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे टाकतेय. एका काकांचं म्हणणं असं की २०२०-२१ मध्ये फ्लू कुठे गेलाबिला नव्हता, त्यालाच सगळे कोरोना म्हणत होते, फ्लूचे आकडे जवळजवळ शून्य आणि कोरोना लाखांत हे आपोआप होतं का म्हणे. मला ते पटत नाही, पण खोडून काढता पण येईना.

माझ्याकडे दोन ते पाच वर्षांची पोरं येतात. आधी कसं, वेळापत्रक ठरलेलं असायचं, पाऊस लागला की शेंबूड-तापाची एक फेरी आणि संक्रांतीच्या पुढेमागे दुसरी. मग कोरोना आला, सगळं बंद, आणि परत नीट सुरू झाल्यावर काही ताळतंत्रच राहिलं नाही. एप्रिलच्या उन्हात पोरं खोकतायत, दिवाळीत एकदम पाच जणांच्या घरून फोन की आज येत नाही. आणि चार वर्षांची घोडी अशी आजारी पडायची जशी पूर्वी वर्षाची बाळं पडायची. आता गेर, म्हणजे आपल्या इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, तोंडावर आलीय, सगळे राजवाड्यावर जाणार, म्हणून जास्तच डोक्यात येतंय. खरंच गेला होता का फ्लू? आणि गेला तर कशामुळे?

रामबाग_भिया
ताई, लॉकडाऊनमध्ये त्याला पास मिळाला नसेल 😄

मजाक सोडा, पण तुमचे ते काका अगदीच चूक नाहीत हां. आठवा ना एप्रिल २०२०. घरात कोणी खोकलं की गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकून जायचे, दारावर कागद चिकटवायचे. कोण मरायला जाईल डॉक्टरकडे सर्दी दाखवायला? लोकं घरात बसून काढा पीत होते. आणि गेलं तरी नाकात काडी घालायचे ती फक्त कोरोनासाठी. ज्याची तपासणीच नाही तो सापडेल कुठून.

पिपेट_आणि_पोहे
मी लॅबमध्ये काम करतो (खाजगी, नाव सांगत नाही) म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

भियांची निम्मी गोष्ट खरी आहे. पहिले काही महिने आमच्याकडे फक्त कोरोनाचीच किट होती, फ्लूचं कोणी विचारत पण नव्हतं. पण जिथे त्याच काळात फ्लूच्या तपासण्या भरपूर झाल्या तिथले आकडे बघा. अमेरिकेत सप्टेंबर २०२० च्या शेवटापासून मे २०२१ पर्यंत क्लिनिकल लॅबनी ८,१८,९३९ नमुने फ्लूसाठी तपासले आणि त्यात पॉझिटिव्ह निघाले १,६७५. म्हणजे ०.२ टक्के. त्याआधीच्या तीन सीझनमध्ये ऐन भरात शंभरातले २६ ते ३० पॉझिटिव्ह येत होते. तपासलंच नाही म्हणून सापडला नाही, हे तिथे लागू होत नाही. आणि लहान मुलांचे फ्लूने झालेले मृत्यू तिकडे एकेक करून नोंदवतात, २०१९-२० मध्ये १९९ होते, पुढच्या सीझनला एक. सगळ्या देशात एक.

दुसरं, फ्लूलाच कोरोना म्हणाले याबद्दल. आरटी-पीसीआरमध्ये आपण प्रायमर, म्हणजे जनुकाचे छोटे तयार तुकडे, घालतो, ते त्या-त्या विषाणूच्या ठरावीक तुकड्यालाच चिकटतात. फ्लूचा नमुना कोरोनाच्या ट्यूबमध्ये टाकला तर ग्राफवर रेघ आडवीच्या आडवी राहते, चाळीस सायकल होऊन जातात तरी वर उचलत नाही. दोघांचं घराणंच वेगळं. फ्लूचा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो आणि कोरोनाचा एकच सलग, जवळजवळ तीस हजार अक्षरांचा. नंतर आमच्याकडे तिन्ही एकत्र, म्हणजे कोरोना, फ्लू ए, फ्लू बी अशी किट आली, एकाच स्वॉबमध्ये तीन रंगांच्या तीन रेघा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोरोनाची रेघ नमुन्यामागून नमुन्यात झपकन वर जायची आणि फ्लूच्या दोन्ही तळाशी पडून. हे स्वतः बघितलंय.

आपल्याकडचे सरकारी आकडे पण आहेत, फक्त एच१एन१ चे, म्हणजे ज्याला लोकं अजून स्वाइन फ्लू म्हणतात. २०१९ ला देशात २८,७९८ रुग्ण आणि १,२१८ मृत्यू. २०२० ला २,७५२ आणि ४४, त्यातले पण बरेच लॉकडाऊनच्या आधीचे. २०२१ ला ७७८ आणि १२. मग २०२२ ला परत १३,२०२ आणि ४१०. यात तपासण्या कमी झाल्याचा वाटा आहे, ते मान्य, पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही.

प्राध्यापक_निवृत्त_राजेंद्रनगर
उत्तम माहिती. माझा मुलगा मेलबर्नला असतो, तिथे जून ते ऑगस्ट थंडी आणि तोच फ्लूचा हंगाम, दरवर्षी फोनवर कोणी ना कोणी शिंकत असतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात एप्रिल ते जुलै ६०,०३१ नमुने तपासले, फ्लू निघाला ३३ जणांत. आम्ही तेव्हा इथे घरात कोंडलेलो आणि तो तिकडे कोंडलेला, त्यामुळे असल्या गोष्टी वाचायला वेळच वेळ होता.

आता का गेला, याचं उत्तर माझ्या मते बरंचसं साध्या गणितात आहे. मी आयुष्यभर गणितच शिकवलं, तेव्हा सवय सहन करा. नेहमीच्या हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी १.३ लोकांना आजार देतो. मूळचा कोरोना दोन ते तीन जणांना देत होता, आपण अडीच धरू. म्हणजे फ्लूचे दहा रुग्ण पुढच्या फेरीत तेरा होतात, कोरोनाचे दहा पंचवीस. आता मास्क, बंद शाळा, बंद ऑफिसं, लग्नाला मोजकी माणसं, या सगळ्यांनी मिळून प्रसार ४० टक्क्यांनी कमी केला असं समजा. फ्लूचे तेराऐवजी आठ होतील. त्यापुढे सहा, पाच, चार, आणि एका फेरीला तीनेक दिवस पुरतात, म्हणजे महिना-दोन महिन्यांत साखळी तुटली. कोरोनाचे मात्र पंचवीसऐवजी पंधरा होतील, दहाचे पंधरा म्हणजे वाढतोच आहे. तीच उपाययोजना, तितकीच ढिलाई, एक विझतो आणि दुसरा पसरत राहतो. तेव्हा कोरोना थांबला नाही म्हणजे मास्कबिस्क सगळं फुकट, असं जे म्हणायचे त्यांनी हा हिशोब करून बघावा.

४० मी मनाने घेतले नाहीत. हाँगकाँगमध्ये २०२० च्या सुरुवातीला शाळा बंद झाल्या, लोक आपणहून मास्क लावून घरात राहू लागले, तेव्हा फ्लूचा प्रसार ४४ टक्क्यांनी उतरल्याचं तिथल्या संशोधकांनी मोजलं होतं. तिथला हिवाळी हंगाम फेब्रुवारीतच आटोपला.

ग्वाल्हेरची_सून_इंदूरची_लेक
काका मस्त समजावलंत. पण मग २००९ ला का नाही झालं असं? आमच्या ग्वाल्हेरला डीआरडीईच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, लॅबमध्ये स्वाइन फ्लूचे नमुने यायचे, सासरे रोज पेपर वाचून दाखवायचे. २०१५ ला पण केवढा हाहाकार होता. तेव्हा पण लोकं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतीच की.

पिपेट_आणि_पोहे
तेव्हा रुमाल होता, बाकी सगळं चालू होतं ना ताई. काही शहरांत शाळा थोडे दिवस बंद, तेवढंच. बाजार, ट्रेन, लग्नं, विमानं सुरू. २०२० मध्ये सगळं एकाच वेळी आणि सगळ्या जगात एकाच वेळी झालं, हा मोठा फरक.

विमानांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्लू एका गावात बारा महिने मुक्काम करत नाही, इकडचा सीझन संपला की तिकडे, उत्तर गोलार्धातून दक्षिणेत आणि परत, माणसांच्या अंगावर बसून फिरत असतो. आपल्याकडे नेहमीच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइट २३ मार्च २०२० ला बंद झाल्या त्या थेट २७ मार्च २०२२ ला पूर्ण सुरू झाल्या. फिरणंच थांबल्यावर तो काही मोजक्या कोपऱ्यांत अडकला, त्यात आपला दक्षिण आशिया पण. एच३एन२ (हा पण फ्लू ए चाच एक प्रकार) चे तेव्हा जे दोन फाटे टिकले त्यांना शास्त्रज्ञ बोलताना कंबोडिया आणि बांगलादेश म्हणायचे. २०२१-२२ च्या लशीत कंबोडियाचा वाण घातला आणि पुढे चालला दुसराच, म्हणून लगेच पुढच्या वेळी बदलून त्या दुसऱ्या फाट्यातला, डार्विन नावाचा वाण घ्यावा लागला. सँपलच एवढे कमी येत होते की कोणता वाण निवडायचा हेच अवघड.

आणि एक तर कायमचा गेला बहुतेक. फ्लू बी चे दोन वंश असायचे, व्हिक्टोरिया आणि यामागाता. यामागाता मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. तो आधीपासून जरा मंद होता, मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त, विमानांवर फारसा फिरायचा नाही, त्याला हा दणका झेपला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात डब्ल्यूएचओने सांगितलं की लशीत आता याची गरज नाही, आणि अमेरिकेत २०२४-२५ पासून चारऐवजी तीन वाणांची लस आली. तुमच्या बिल्डिंगमधल्या काकांना हे विचारा, नुसतं नाव बदललं असतं तर अख्खा वंश नाहीसा झाला कसा?

रामबाग_भिया
ठीक आहे, नाव बदललं नव्हतं. पण मी पण जरा वाचून आलोय. स्वीडनचं काय मग? तिथे लहान मुलांच्या शाळा बंद केल्या नाहीत, मास्क पण कोणी फारसे लावत नव्हतं, आणि तरी २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिथे फ्लू नावापुरताच होता. तुमचं शाळा-मास्कचं गणित तिथे कुठे बसतं प्रोफेसरसाहेब?

प्राध्यापक_निवृत्त_राजेंद्रनगर
प्रश्न बरोबर आहे. माझ्या गणितात ४० टक्के हे सगळ्या उपायांची बेरीज आहे, कुठल्या उपायाचा किती वाटा हे त्यातून निघत नाही. स्वीडनमध्ये सक्ती कमी असली तरी लोक घरून काम करत होते, भेटीगाठी कमी केल्या होत्या, आणि बाहेरून फ्लू आणणारे प्रवासी नव्हते. ठिणगीच पडली नाही तर लाकडं कोरडी असून काय.

पिपेट_आणि_पोहे
आणखी एक शक्यता आहे, ती सिद्ध झालेली नाही हे आधीच सांगतो. एका विषाणूची लाट जोरात असली की घशातल्या पेशींची आणीबाणीची यंत्रणा, इंटरफेरॉन वगैरे, जागी झालेली असते आणि दुसऱ्या विषाणूला काही दिवस शिरकाव अवघड जातो. २००९ च्या शरदात फ्रान्समध्ये स्वाइन फ्लूची लाट उशिरा आली, ती तेव्हा जोरात असलेल्या साध्या सर्दीच्या राइनोव्हायरसने अडवून धरली असं तिथल्या काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. कोरोनाने फ्लूला थोडी वाट अडवली असेल. पण ऑस्ट्रेलियात २०२० ला कोरोना इतका कमी होता तरी फ्लू गेला, म्हणजे मुख्य कारण हे नसणार.

राइनोवरून आठवलं, तो मात्र गेला नाही! लॉकडाऊन ढिला झाला, शाळा उघडल्या की सगळीकडे पहिला हजर तोच. त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझरने तो फ्लूसारखा पटकन मरत नाही. साबणाने घासून हात धुतले तर निघतो. त्या काळात मास्क, सॅनिटायझर सगळं करून पण नाक गळत होतं अशी ज्यांची तक्रार होती, त्यांचं हे उत्तर असू शकतं.

बालरोग_ओपीडी
वेळ कमी आहे, पोरांबद्दल तेवढं लिहिते. आपल्या मध्य प्रदेशात प्रायमरी शाळा सप्टेंबर २०२१ मध्ये उघडल्या आणि जानेवारीत परत बंद झाल्या. एरवी एका वर्षात शंभरातल्या वीस-तीस मुलांना फ्लू गाठतो. दोन वर्षं जवळजवळ कोणालाच गाठला नाही. म्हणजे २०२२ मध्ये पाळणाघरात आलेल्या पोरांमध्ये पहिल्यांदाच भेट होणारी पोरं एकदम तीन-चार वर्षांची साठलेली. वयाने मोठी, पण फ्लूच्या बाबतीत नवीन. पाळणाघरवाली ताईंना दिसलं ते हेच. आरएसव्ही, म्हणजे लहान बाळांच्या छातीत उतरणारा सर्दीचा विषाणू, त्याचं पण तसंच, तो तर ऑस्ट्रेलियात चक्क उन्हाळ्यात आला आणि अमेरिकेत २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. आईला मधे झाला नाही की तिच्याकडून बाळाला मिळणारी अँटिबॉडी पण कमी.

फक्त एक गैरसमज काढून टाका. घरात बसून पोरांची इम्युनिटी गंजली, असं काही झालेलं नाही. त्यांचं शरीर पूर्वीइतकंच तयार होतं, फक्त त्या विषाणूची ओळख राहून गेली होती. त्यामुळे इम्युनिटी वाढवायची पावडर विकणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. आणि पोरांना मुद्दाम आजारी पोरांमध्ये खेळायला पाठवू नका, हे पण विचारणारे पालक भेटतात मला.

मेडिकल_सुदामानगर
पावडरीवरून आमच्या पोटावर पाय नका देऊ मॅडम 😀

मी काउंटरवरचं सांगतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ चा गाजावाजा झाला तेव्हा १२ तारखेला गेर होती, आणि नंतरच्या आठवड्यात दुकानात जो येईल तो, "भिया अ‍ॅझिथ्रो देना, तीन वाली." अँटिबायोटिक ते, आणि चिठ्ठी नाही काही नाही. ताप तीन दिवसांत उतरलेला असायचा पण खोकला जाता जात नव्हता, म्हणून लोकं घाबरलेली. आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, त्याच महिन्यात सांगितलं होतं की ताप तीन दिवसात जातो, खोकला तीन आठवडे राहू शकतो आणि अँटिबायोटिक उगाच घेऊ नका. मी तो मेसेज छापून काचेवर चिकटवला. लोकं तो वाचायची आणि मग अ‍ॅझिथ्रो मागायची. नाही म्हणलं की दोन दुकानं सोडून तिसऱ्याकडे. समोर विकणारे बसलेत, मी काय करणार.

माझा आपला अंदाज की तेव्हा गेरनेच पसरवला. दोन वर्षं गेर झाली नव्हती, २०२२ ला परत सुरू झाली, लाखो माणसं, सगळे एकमेकांच्या अंगावर.

पिपेट_आणि_पोहे
गेरच्या डोक्यावर सगळं नका फोडू. २०२३ चा एच३एन२ देशात डिसेंबरपासूनच वाढत होता, मार्चपर्यंत तो भरात आलेला होता. शिवाय गेर उघड्या आकाशाखाली, दुपारच्या उन्हात, वरून मिसाइलने, म्हणजे त्या मोठ्या पिचकारी-मशीनने, पाणी. मला जास्त भीती वाटते ती त्यानंतरची, म्हणजे वीस जण एका खोलीत दारं लावून जेवतात, एसी बसने उज्जैनला जातात, ती. आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, तर बरोबर पावसाळी फ्लूच्या दिवसांत येतात, तिथे पण तेच, रात्रभर रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा मागून ट्रॅव्हलरमध्ये कोंबून घरी जाणं जास्त वाईट.

पाळणाघरवाली_लोकमान्यनगर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मग आता वेळापत्रक परत बसलं का? की असंच चालणार?

पिपेट_आणि_पोहे
बरंचसं बसलंय. आपल्या भागात परत दोन उठाव दिसतात, जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च. पण जोर कमी-जास्त होतोच, २०२४ मध्ये एच१एन१ चे देशात २०,४१४ रुग्ण आणि ३४७ मृत्यू नोंदले होते, २०२३ मध्ये ८,१२५ आणि १२९. हे तर कोरोनाच्या आधी पण व्हायचं, २०१५ ला ४२,५९२ आणि पुढच्याच वर्षी दोन हजार पण नाही. त्यामुळे दर चढ-उताराला लॉकडाऊनचं नाव द्यायची गरज नाही.

दमेकरी_तिलकनगर
मी एवढं सगळं वाचून एकच सांगते. मला दमा आहे, २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली, नेब्युलायझर माळ्यावर ठेवून दिला होता. लोकं त्या वर्षांना शिव्या देतात, मी पण देते, घरातली माणसं गेली आमची. पण श्वास चांगला चालला हे खरं आहे. आता पण जानेवारी-फेब्रुवारीत बँकेत, सिटी बसमध्ये मास्क लावते. लोकं बघतात, "अजून?" असं विचारतात. विचारू देत.

रामबाग_भिया
बघू देत ताई, लावा तुम्ही.

पाळणाघरवाली_लोकमान्यनगर
मी यंदापासून नियम करतेय की ताप उतरून, पॅरासिटामॉल न देता, पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय पोराला आणायचं नाही. दोन आया लगेच भडकल्या, "आम्ही सुट्टी कुठून आणायची?" त्यांचं पण खरं आहे, एकीला सुट्टी घेतली की पगार कापतात. सकाळी सिरप पाजून पोराला सोडून जातात आणि अकरा वाजता पोर परत तापतं, मला कपाळाला हात लावला की कळतं. काय करावं सुचवा.

बालरोग_ओपीडी
नियम बरोबर आहे, सोडू नका. दोन-तीन घरांनी मिळून आजारी पोरांना ज्याच्या घरी आजी-आजोबा आहेत तिथे ठेवू नका मात्र, फ्लू त्यांनाच जड जातो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची लस द्या असं आमच्या बालरोग संघटनेचं सांगणं आहे, पालकांना ते सांगा. एकदम दीड-दोन हजार रुपये सगळ्यांना जमत नाहीत हे मला माहीत आहे.

रामबाग_भिया
मेडिकलवाले भिया, आईला द्यायची आहे, बहात्तरची आहे, शुगर पण. गेरच्या आधी देऊन टाकू का?

मेडिकल_सुदामानगर
आधी तिच्या डॉक्टरला विचारा. द्या म्हणाले तर लस लागू व्हायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे गेरपुरती म्हणून घेण्यात काही अर्थ नाही. पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये नवीन माल आला की घेतलेली बरी. आणि कुठूनही घ्या, खोक्यावर कोणत्या सीझनची ते छापलेलं असतं ते वाचा, मागच्या वर्षीची खपवतात काही जण. फ्रीजमधून काढून बर्फाच्या डब्यात देतोय का ते पण बघा, नुसती पिशवीत टाकून देत असेल तर घेऊ नका.

रामबाग_भिया
तुमच्याकडे आली की फोन करा.